यंदा ऑर्लँडो नको, डोंगरात जाऊ

अटलांटा

तीर्थरूप बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवाच्या फोनवर मी यंदाच्या सहलीला ऑर्लँडोऐवजी डॉलीवूडला, डोंगरातल्या त्या करमणुकीच्या बागेत, जाण्याचा विषय काढला तेव्हा बाबा नुसते "बघू" म्हणाले आणि आई "आपले ऑर्लँडोच बरे, ते ओळखीचे तरी आहे" असे म्हणून लगेच इराच्या शाळेची चौकशी करू लागली. बाबांच्या "बघू"चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. फोनवर अशी बोलणी अर्धवट राहतात, मध्येच कोणाच्या तरी दारावरची घंटा वाजते, आणि पुढच्या वेळी तो विषय पुन्हा काढायचा संकोच वाटतो. म्हणून सविस्तर पत्रच लिहीत आहे. दादाला ते मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितले आहे. तुम्ही दोघांनी ते सावकाश, शक्य तर एकत्र बसून वाचावे एवढीच विनंती.

ऑर्लँडो तुम्हाला का आवडते, हे मला समजत नाही असे कृपा करून मानू नका. इरा चार वर्षांची असताना आपण पहिल्यांदा डिस्ने वर्ल्डला गेलो, मग ती सात वर्षांची असताना आणि नंतर नऊ वर्षांची असताना. लोकमान्य नगरच्या घरी बैठकीच्या भिंतीवर त्या तिन्ही वेळचे फोटो आईने ओळीने लावले आहेत. तिथल्या वाटा, बसायच्या जागा, स्वच्छतागृहे, दही-भाताचा डबा उघडायला बरी अशी सावली, हे सगळे तुम्हाला पाठ झाले आहे, आणि परक्या मुलुखात एखादी जागा पाठ असणे किती मोठा आधार असतो, हे मी आता स्वतःच्या वयावरून थोडे थोडे ओळखू लागले आहे. बाबांच्या बाबतीत त्याला आणखी एक कारण आहे, असे मला नेहमी वाटते. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे ते हलते देखावे, बघायला ते मला खांद्यावर बसवून नेत असत, आणि सगळे लोक समोरून देवांची चित्रे बघत असताना ते गाड्याच्या मागच्या बाजूला जाऊन मोटर कुठे बसवली आहे, पट्टा कुठून फिरतो आणि हनुमानाचा हात वर कसा जातो, ते मला दाखवीत. ऑर्लँडोला बाहुल्यांच्या देखाव्यांतून नाव फिरते, त्या सफरीत ते तिन्ही वेळा तसेच वाकून बघत होते. गिरण्या बंद पडल्यानंतरही इंदूरने झांक्या सोडल्या नाहीत, त्या शहराच्या माणसाला हलते देखावे का आवडतात, हे कोणी मला समजावून सांगायला नको.

तरीही मी यंदा दुसरीकडे जाऊ म्हणते, त्याचे कारण ते फोटोच आहेत. मागच्या दिवाळीत मी तिन्ही सहलींचे सगळे फोटो संगणकावर लावीत होते. त्यांत इरा झुल्यावर आहे, पाण्यात आहे, हातात फुगा घेऊन आहे, आणि तुम्ही दोघे प्रत्येक ठिकाणी काहीतरी धरून उभे आहात. आईच्या हातात इराची टोपी, पाण्याची बाटली आणि ओला टॉवेल आहे, बाबांच्या खांद्यावर दोन पिशव्या आहेत, आणि दोघांचीही नजर इराकडे आहे. तुम्ही स्वतःसाठी एखादी गोष्ट बघत आहात असा फोटो शोधायला मला बराच वेळ लागला आणि अखेर एकच सापडला, तो बाबांचा, नावेत वाकलेला. मला फार वाईट वाटले, कारण तीन वेळा इतक्या दूर येऊन तुम्ही आमचे सामान सांभाळले आणि आम्ही त्यालाच तुमची सहल म्हणत राहिलो. त्यातच शेवटच्या खेपेस फ्लोरिडातल्या जुलैच्या उकाड्यात बाबांना घेरी आल्यासारखे झाले होते. शाळेच्या सुट्टीसाठी तो महिना मी निवडला होता, म्हणून ती चूक माझी होती, आणि ती मला पुन्हा करायची नाही.

मी जिथे न्यायचे म्हणते ते डॉलीवूड टेनेसी राज्यात पिजन फोर्ज नावाच्या गावी, ग्रेट स्मोकी पर्वतांच्या पायथ्याशी आहे. ऑर्लँडोला आपल्याला साडेसहा-सात तास लागतात, इथे सुमारे चार तासांत पोहोचता येते. त्या जागी आधी बाग झाली आणि मग तिच्यात आगगाडी आणली, असे घडलेले नाही. १९६१ साली तिथे सुरुवातच एका जुन्या वाफेच्या गाडीने झाली, मालक आणि नावे पुढे बदलत गेली, आणि १९८६ साली त्याच भागात जन्मलेली गायिका डॉली पार्टन भागीदार झाल्यावर आजचे नाव पडले. ती गाडी अजून चालते. तिची इंजिने खऱ्या कोळशावर चालणारी आहेत आणि ती बाल्डविनच्या कारखान्यात बनलेली आहेत. त्यांपैकी एक १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकी लष्करासाठी बांधले गेले आणि अलास्का-युकॉनच्या बर्फाळ घाटात राबले. बाबा, याच नमुन्याची इंजिने त्या काळात आपल्याकडच्या मीटर गेजवरही आली होती. इथले रूळ तीन फुटी आहेत, म्हणजे आपल्या मीटर गेजपेक्षा जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटरने अरुंद. गाडी सुमारे पाच मैलांची फेरी वीस मिनिटांत करते आणि ती बागेभोवती नुसती फिरून येत नाही, झाडीतून धापा टाकीत डोंगर चढते.

मागच्या ऑक्टोबरात आम्ही तिघे तिथे गेलो होतो, हे तुम्हाला सांगितले होते, पण त्या गाडीतली एक गोष्ट सांगायची राहिली. गाडी सुटण्यापूर्वी कोळशाचे कण उडतात, डोळे सांभाळा, अशी सूचना देतात. पहिल्या चढावर इंजिनाने जोर लावला, आणि इराच्या पांढऱ्या बाहीवर मोहरीएवढा एक काळा कण येऊन बसला. तिने तो बोटाने पुसायला घेतला तशी काळी रेघ उमटली. त्या क्षणी मला महूहून पाताळपाणी आणि कालाकुंडकडे जाणारी आपली गाडी आठवली, घाटासाठी मागून लावलेले दुसरे इंजिन आठवले, खिडकीतून डोके बाहेर काढल्याबद्दल बाबांचे रागावणे आठवले, आणि माझ्या डोळ्यात कण गेल्यावर आईने पदराच्या टोकाचा बोळा करून, त्यावर तोंडाची वाफ देऊन तो डोळ्यावर कसा धरला होता, तेही आठवले. तुकोजीराव होळकरांनी या रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले होते, ही हकीकत बाबांनी त्याच प्रवासात सांगितली होती. मी ती इराला सांगू लागले, पण मला घाटातल्या बोगद्यांविषयी तिच्या प्रश्नांची उत्तरे देता येईनात. ती उत्तरे तिला बाबांकडून, त्याच बाकावर बसून मिळायला हवीत.

आई, तुझ्यासाठी तिथे जे आहे ते मला त्याहून मोलाचे वाटते. बागेत एक पाणचक्की आहे. ती १९८२ साली बांधली तेव्हा टेनेसीत शंभराहून अधिक वर्षांत अशी नवी चालती पाणचक्की कोणी बांधली नव्हती. पाण्याच्या जोरावर दगडी जाते फिरते, धान्य दळले जाते, आणि तिथेच दालचिनीचा गरम पाव भाजून विकतात, त्याचा वास पार खालच्या वाटेपर्यंत येतो. आजीचे जाते तू अजून मागच्या अंगणात ठेवले आहेस, तेव्हा या पिठाला हात लावून ते भरड आहे की बारीक, हे तू बघितल्याशिवाय राहणार नाहीस. तिथून थोडे पुढे डॉलीच्या लहानपणीच्या घराची हुबेहूब प्रतिकृती आहे. ती तिच्या भावाने बांधली आणि आतली मांडामांड तिच्या आईने स्वतः केली. दोन लहान खोल्या, भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवलेली, आणि त्या कुटुंबात एकूण बारा मुले जन्मली. तिच्या जन्माच्या वेळी डॉक्टरांना द्यायला पैसे नव्हते म्हणून वडिलांनी मक्याच्या पिठाची गोणी दिली. त्या डॉक्टरांच्या नावाचे लहानसे प्रार्थनामंदिर बागेत आहे. मुलीला थंडीत कोट हवा म्हणून तिच्या आईने चिंध्या जोडून तो शिवला. मी त्या घराच्या दारात उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तुझ्या जुन्या साड्यांची, निळ्या काठाची गोधडी होती. घर बघायला पाच मिनिटे पुरतात, पण मी बराच वेळ तिथून हलले नाही.

"त्या गाणाऱ्या बाईशी आपला काय संबंध," असे बाबा म्हणाले होते. तिचे गाणे तुम्हाला आवडेलच असे मी म्हणत नाही. पण तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्याची खंत मनात धरून तिने १९९५ साली आपल्या जिल्ह्यातल्या लहान मुलांना दर महिन्याला एक पुस्तक घरपोच, फुकट पाठवायला सुरुवात केली. मूल जन्मल्यापासून पाच वर्षांचे होईपर्यंत ते येत राहते. आज अनेक देशांत मिळून वीस कोटींहून अधिक पुस्तके तिने वाटली आहेत. रामबागेतल्या वाचनालयासाठी घरोघर फिरून जुनी पुस्तके गोळा करणाऱ्या माणसाला ही बाई परकी वाटू नये, असे मला मनापासून वाटते. याशिवाय लोहाराची भट्टी, फुंकणीने काच फुगवणारे कारागीर, मेणबत्त्या ओतणारे, कातडी काम करणारे असे सगळे हाताने काम करीत असतात आणि विचारले तर थांबून सांगतात. तिथे बाबांना काही धरून उभे राहावे लागणार नाही.

आता अडचणीचे बोलते. जागा डोंगरउताराची आहे, काही वाटा चढाच्या आहेत, आणि आईच्या गुडघ्यांना त्या सोसणार नाहीत. तिथे व्हीलचेअर आणि बसून चालवायची विजेची गाडी भाड्याने मिळते. बाबा, तुमच्या मनात खुर्चीत बसण्याविषयी जे आहे ते मला कळते, आणि मी ते खोडून काढणार नाही. मात्र राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत आता तुम्ही रिक्षाच करता आणि त्यात तुम्हाला कमीपणा वाटत नाही. दिवसभरात दोन-तीन चढांपुरती ती गाडी वापरली तर संध्याकाळी तुमच्या पायांत गाडीच्या दुसऱ्या फेरीचे बळ उरेल. आम्ही सगळे एका दिवसात उरकणारही नाही. दोन दिवसांची तिकिटे काढू, दुपारी घरी येऊन झोपू. ज्येष्ठांना थोडी सवलत मिळते, आणि एकूण खर्च ऑर्लँडोहून कमी येतो. तेव्हा पैशाची काळजी हा मुद्दा कृपया काढू नका.

राहायला डोंगरातले एक लाकडी घर घेणार आहोत. त्यात पूर्ण स्वयंपाकघर असते, त्यामुळे सकाळचे पोहे, वर शेव आणि जिरावण, हे काही चुकणार नाही. तिसऱ्या दिवशी मोटारीनेच राष्ट्रीय उद्यानात जाऊ. न्यूफाउंड गॅप ही खिंड ५,०४६ फुटांवर आहे आणि रस्ता थेट तिथपर्यंत जातो, एक पायरीसुद्धा चढावी लागत नाही. ऑक्टोबरात ते सगळे डोंगर तांबडे-पिवळे झालेले असतात, आणि त्यांच्यावर जो निळसर धूर दिसतो तो झाडांनीच हवेत सोडलेल्या वाफांमुळे असतो. त्यावरूनच पर्वताचे नाव पडले. पावसाळ्यात जानापावच्या टेकडीवरून ढग बघताना आई जशी गप्प बसते तशी ती तिथे बसेल, याची मला खात्री आहे.

इराचे म्हणाल तर ती आता बारा वर्षांची आहे. ऑर्लँडोचा हट्ट ती धरते असे तुम्हाला वाटते, पण आजी-आजोबांना आवडते म्हणून ती "हो" म्हणते, हे तिनेच मला सांगितले. तिला डॉलीवूडचे उंच रोलर कोस्टर हवे आहेत, ते ती तिच्या बाबांबरोबर करील. आणि जखमी असल्यामुळे रानात सोडता न येणारे गरुड तिथे सांभाळले आहेत, ते तिला आजीला दाखवायचे आहेत. एकमेकांचे मन राखण्यासाठी आपण सगळेच पुन्हा ऑर्लँडोला निघालो होतो, हे लक्षात आल्यावर मी हे पत्र लिहायला घेतले.

म्हणून असे करा. यंदा जुलैत येऊ नका. अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघून निघा, ऑक्टोबरात आपण जाऊन येऊ, आणि दिवाळीच्या आत तुम्ही इंदूरला घरी असाल. डोंगरातली घरे त्या महिन्यात लवकर भरतात, म्हणून रविवारी फोन करीन तेव्हा हो किंवा नाही, काय ते स्पष्ट सांगा. नाही म्हणालात तर मी ऑर्लँडोची तिकिटे काढीन आणि मनात काही ठेवणार नाही, पण तुम्ही हो म्हणावे असे मला फार वाटते. सामानात आईने जिरावण दोन पाकिटे जास्त घ्यावे, आणि ती निळ्या काठाची गोधडी अवश्य घ्यावी. ऑक्टोबरात त्या डोंगरात रात्री थंडी पडते.

दादा-वहिनींना नमस्कार. कळावे,

तुमची,
माधवी