‘हा माझा गुडघा नव्हे’ म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण ‘मी काय केलं, नुसता उभा राहिलो आणि चाललो’ हे तुमचं म्हणणं काही मला मान्य नाही. तुम्ही काय केलंत ते चारचौघांत सांगावं म्हणूनच हे पत्र उघडं लिहितेय.

माझा फिजिओथेरपीचा प्रबंध गुडघ्याची झीज झालेल्या माणसांच्या चालण्यावर आहे. हे काम एरवी अंगावर चमकते मणी चिकटवून, इन्फ्रारेड कॅमेऱ्यांच्या प्रयोगशाळेत होतं. तशी प्रयोगशाळा आमच्याकडे नाही. मिळाले ते दोन आठवड्यांच्या बोलीवर उसने आणलेले आठ सेन्सर. काडेपेटीएवढी नारिंगी डबी, स्ट्रॅपने बांधायची: एक छातीवर, एक कमरेवर, मांड्या, पोटऱ्या आणि पावलांवर दोन-दोन. आत वेगातला बदल मोजणारा प्रवेगमापी, फिरणं मोजणारा जायरोस्कोप आणि होकायंत्रासारखी उत्तर दिशा शोधणारा चुंबकीय सेन्सर. डबीला आपण खोलीत कुठे आहोत हे कळत नाही. आपण कशा कललोय एवढंच ती सेकंदाला १०० वेळा सांगते. तो कल संगणकातल्या सांगाड्यावर चढवायचा, की सांगाडा पेशंटसारखा चालू लागतो आणि सांध्यांचे कोन हातात येतात. हे करणारं ओपनसिम हे सॉफ्टवेअर स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं, फुकट मिळणारं आहे, आणि त्यात अशा सेन्सरसाठी ओपनसेन्स नावाची सोयही आहे.

फाइल उघडली की सांगाडा चालणार, अशी माझी समजूत होती. पहिल्या दिवशी तो उताणा पडून छताकडे पाय झाडत होता. कारण सेन्सरच्या हिशोबात ‘वर’ म्हणजे झेड अक्ष आणि ओपनसिममध्ये ‘वर’ म्हणजे वाय. एक्स अक्षाभोवती उणे ९० अंश फिरवायचं, एवढंच. मी फिरवलं, तर तो कुशीवर वळून भलतीकडेच वाकला. तिथे अंश चालत नाहीत, रेडियन हे कोनाचं दुसरं माप लागतं, उणे १.५७०८. अर्धा दिवस त्यात गेला. मग कुठल्या नंबरची डबी कुठल्या हाडावर, याच्या यादीत मी डावी-उजवी पोटरी उलटीपालटी लिहिली होती. ते निस्तरलं. तोवर मीही जरा शहाणी झाले होते, असं मला वाटत होतं.

तुम्ही आलात त्या दिवशी पडद्यावर जे चाललं होतं त्याला चालणं म्हणवत नव्हतं. सांगाड्याचे पाय पिळलेल्या पंच्यासारखे दिसत होते. तुम्ही स्ट्रॅप बांधून घेत विचारलंत, “मॅडम, हे चार-चार आकडे कशाचे?” मी म्हटलं, क्वाटर्नियन, डबीचा कल चार आकड्यांत लिहितात. “मग त्यातला पहिला कुठला?” मला सांगता येईना. तेव्हा तुम्ही तुमचं भूमी अभिलेखातलं भूकरमापकाचं ठेवणीतलं वाक्य काढलंत: “आधी साखळी तपासा.” जमीन मोजायची साखळी वापरून वापरून ताणते, कड्या उघडतात, ३३ फुटांची साखळी चार बोटं वाढली की गुंठ्याचा हिशोब फसतो आणि दोन भाऊ कोर्टात जातात. म्हणून रान मोजण्याआधी साखळी ठरलेल्या अंतरावर टाकून बघायची.

आम्ही डबी टेबलावर सपाट ठेवली आणि कल शून्य यावा तशी फिरवत नेली. कल शून्य असला की चारांतला एकच आकडा १ येतो, बाकीचे तीन ०. तो १ ओळीत सर्वांत शेवटी दिसत होता. ओपनसिमला तो पहिला लागतो. एका मित्राने लिहून दिलेल्या पायथन प्रोग्राममध्ये चारांचा क्रम वेगळा होता, आणि मी फाइल जशीच्या तशी आत ढकलली होती. क्रम बदलला, सांगाडा उभा राहिला. (मधे एकदा तीच फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन केली. त्या फाइलीत रकान्यांमध्ये टॅब असतो आणि एका रकान्यातल्या चार आकड्यांमध्ये स्वल्पविराम. एक्सेलने सगळा काला केला. ते पाप माझंच.)

नंतर होकायंत्राचा प्रसंग. तुमच्या चालीत उजवं पाऊल तीन-चार पावलांत हळूहळू बाहेर वळत जायचं. मी माझ्या वहीत ‘पाऊल बाहेर वळवून चालतात’ अशी नोंदसुद्धा केली होती! तुम्ही आरशात स्वतःचं पाऊल बघितलंत, काही बोलला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं पितळी होकायंत्र घेऊन आलात. ते तळहातावर धरून तुम्ही माझ्या खोलीत इंच इंच फिरलात. मधोमध काटा शांत. तपासणीच्या लोखंडी खाटेजवळ तो आधी थरथरला आणि मग चांगला चाळीसेक अंश वळला. सुरुवातीला सरळ उभं राहायच्या वेळी मी तुम्हाला आधारासाठी त्याच खाटेला धरून उभं केलं होतं, उजवा पाय खाटेला टेकून. उजव्या पायाच्या डब्यांनी तिथली उत्तर दिशा खरी धरली. तुम्ही चालत लांब गेलात तशी त्यांना खरी उत्तर सापडत गेली, आणि पडद्यावर पाऊल वळत गेलं. सॉफ्टवेअर कमरेची डबी पाहून सगळ्यांना एकदम पुढच्या दिशेला वळवतं. एकट्या उजव्या पायाची उत्तर दिशा चुकली तर त्याला कुठून कळणार? “जावळीत लोखंडी खुंटीशेजारी मोजणीचा फलक मांडला की असंच व्हायचं,” तुम्ही म्हणालात. आम्ही खाट बाहेर काढली.

पण हे पत्र मी खरं लिहितेय ते गुडघ्यासाठी.

आलेख आता देखणा आला होता. मी कौतुकाने दाखवला, तुम्ही चष्मा लावून बराच वेळ पाहिलात आणि म्हणालात, “पोरी, हा माझा गुडघा नव्हे.” उभं असताना गुडघ्याचा कोन शून्य दाखवत होता. “माझा पाय सरळ होऊन आठ वर्षं झाली. तू शून्य कुठला धरलास?”

मी शून्य धरलाच नव्हता, तो सॉफ्टवेअरने धरला होता. पहिल्या क्षणी माणूस अगदी संगणकातल्या सांगाड्यासारखा, म्हणजे मॉडेलसारखा, उभा आहे, गुडघे ताठ, असं ते मानून चालतं आणि तिथून पुढचं सगळं मोजतं. तरुण, धडधाकट माणसाला हे चालतं. तुमचा गुडघा पूर्ण सरळ होत नाही. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, लावला तर उभं असताना १२ अंश वाकलेला. म्हणजे ज्या १२ अंशांसाठी तुम्ही माझ्याकडे येता तेच मी पहिल्या क्षणाला पुसून टाकले होते, आणि उरलेलं चालणं दशांशापर्यंत मोजत बसले होते. तुमच्याआधीच्या दोन पेशंटचंही तेच केलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

उपाय साधा होता, वाचताना नजरेतून सुटलेला: पेशंट उभा असतानाच दोन्ही गुडघे गोनिओमीटरने मोजायचे, मॉडेलची सुरुवातीची ठेवण त्या कोनात वाकवायची आणि मग डब्या हाडांवर बसवायच्या. पुन्हा चालवलं तर आलेख अख्खाच्या अख्खा १२ अंशांनी वर सरकला. तो बघून तुम्ही म्हणालात, “हां, आता दुखतंय तिथंच दाखवतोय.”

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर गाइड, विभागप्रमुख, आईबाबा ठरलेले असतात. त्या पानावर तुमच्यासाठी एक ओळ लिहिली तर गाइड म्हणाले, पेशंटचे आभार एकत्रित माना. एकत्रित मानलेत. ते मला पुरेना.

पहिल्या दोघांना परत बोलावलंय. सेन्सर पुढच्या महिन्यात पुन्हा मिळणार आहेत, तेव्हा तुमचीही चाल एकदा घ्यायची आहे. सकाळी दहाला या. खाट मी आधीच व्हरांड्यात ढकलून ठेवते. आधाराला लाकडी स्टूल आणलंय, त्याला खिळेसुद्धा नाहीत, होकायंत्र लावून बघितलं. ते होकायंत्र अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, त्याच फडक्यात.

काकूंना नमस्कार. जिना उतरताना कठडा धरा.

तुमची,
फिजिओथेरपीवाली पोरगी