‘हा आकडा कुठून मोजलाय?’ : नॅव्हिगेशनच्या मॅडमना पत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

हे पत्र जाहीर लिहिते आहे, कारण पायलट व्हायला निघालेल्या अनेक मुलामुलींना तुमच्यासारखं कुणी भेटत नाही. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नॅव्हिगेशनच्या, म्हणजे विमानाची दिशा आणि मार्ग ठरवण्याच्या, पेपरात पास व्हायला 70 टक्के लागतात आणि प्रश्नसंच घोकून तेवढे पडतातही. चार्ट, म्हणजे वैमानिकाचा नकाशा, वाचता येणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती मला पुण्यात तुमच्या क्लासमध्ये आली. त्याबद्दल मनापासून आभार.

फळ्यावर कुठलाही आकडा आला की तुमचा प्रश्न ठरलेला असायचा: “हा कुठून मोजलाय?” उंची असेल तर जमिनीपासून की समुद्रसपाटीपासून? दिशा असेल तर खऱ्या उत्तरेपासून की चुंबकीय? वेळ असेल तर कुठली? उत्तर आल्याशिवाय तुम्ही पुढे सरकायचा नाहीत. आज वाटतं, अख्खा विषय या एका प्रश्नात बसतो.

सिंहगडाचं गणित आठवतंय? तुम्ही लोहगावचा, म्हणजे पुणे विमानतळाचा, पावसाळ्यातला एक मेटार (विमानतळावरच्या हवामानाचा अहवाल) लिहिला होता. त्यात ढग 1200 फुटांवर, आकाश बरंचसं झाकलेलं. “ढगांचा तळ तिकडेही एवढाच धरा. सिंहगडाचा माथा दिसेल?” सगळ्यांनी आधी चार्टवर गडाची उंची शोधली: 1312 मीटर, म्हणजे साधारण 4300 फूट. मग तुमचा नेहमीचा प्रश्न आला. मेटारमधला ढग विमानतळाच्या जमिनीपासून मोजतात आणि गडाची उंची समुद्रसपाटीपासून. लोहगावच मुळात 1942 फुटांवर. म्हणजे ढगांचा तळ समुद्रसपाटीपासून 3142 फुटांवर आला आणि गडाचा माथा त्याच्याही हजारभर फूट वर, पूर्ण ढगात. त्यावर तुम्ही म्हणालात, मुंबईचा विमानतळ समुद्राला इतका लागून आहे की तिथे दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच येतात, म्हणून फक्त तिथे शिकलेल्या माणसाला हा फरक जाणवतच नाही. तेव्हापासून सह्याद्रीच्या बाजूला ढग दिसले की माझ्या डोक्यात आपोआप बेरीज सुरू होते.

वाऱ्याचंही तसंच. मेटारमध्ये छापून येणारा वारा खऱ्या उत्तरेपासून आणि टॉवरवरून कानावर पडणारा चुंबकीय उत्तरेपासून. आपल्याकडे या दोन्हींत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेत नाही. पण सिअ‍ॅटलसारख्या ठिकाणी तो जवळपास 15 अंशांचा आहे. रनवेचा नंबर चुंबकीय दिशेवरून दिलेला असतो. मग क्रॉसविंड, म्हणजे रनवेला आडवा येणारा वारा, काढताना छापील वारा तसाच धरला तर उत्तर सरळसरळ चुकतं. आपल्या बॅचमधला जो अमेरिकेत ट्रेनिंगला गेला, त्याने पहिल्याच महिन्यात फोन करून “मॅडमना सांग” म्हटलं होतं. ते आज सांगते आहे.

आणि नोटॅम, म्हणजे रनवे बंद असण्यासारखे बदल वैमानिकांना कळवणारी सूचना. इतका रूक्ष कागद तुम्ही इतक्या आस्थेने शिकवलात, याचं मला अजून नवल वाटतं. 17 ऑक्टोबर 2023 ला पावसाळ्यानंतरच्या डागडुजीसाठी मुंबईचे दोन्ही रनवे, 09/27 आणि 14/32, सकाळी 11 ते संध्याकाळी 5 बंद होते. नोटॅमच्या पद्धतीने ही वेळ 2310170530 ते 2310171130 अशी लिहायची: आधी वर्ष, मग महिना, तारीख आणि शेवटी यूटीसीमधली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, वेळ. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ आली. असे दहा-दहा अंकांचे गठ्ठे तुम्ही आमच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचात. गोव्याच्या दोन विमानतळांच्या कोडची तर तुम्ही खास उजळणी घ्यायचात. दाबोळी म्हणजे व्हीओजीओ, मोपा म्हणजे व्हीओजीए. एका अक्षराचा फरक, पण धावपट्ट्या वेगळ्या, चार्ट वेगळे. दाबोळी नौदलाचा तळ असल्याने तिथले नियमही वेगळे.

सॅन फ्रान्सिस्कोची घटना तुम्ही सांगितलीत तेव्हा वर्गात कुणी हललं नव्हतं. 7 जुलै 2017 ची रात्र. दोन समांतर रनवेंपैकी एक बंद होता आणि तसा नोटॅम वैमानिकांकडे होताही. तरी एअर कॅनडाचं विमान रनवे समजून टॅक्सीवेवर (विमानं रनवेकडे नेण्याच्या वाटेवर) उतरायला आलं, जिथे चार विमानं उड्डाणाची वाट बघत उभी होती. जमिनीपासून 60 फुटांवर आल्यावर ते पुन्हा वर गेलं. चौकशीत नोटॅमच्या मांडणीवरही बोट ठेवलं गेलं, कारण कामाची ओळ बिनकामाच्या ओळींत हरवते. तुम्ही वैमानिकांना एका शब्दाने नावं ठेवली नाहीत. फक्त विचारलंत, “पानंच्या पानं नोटॅम हातात पडले तर आधी काय शोधाल?” मग क्रम लावून दिलात: रनवे, उतरण्याची उपकरणं, दिवे आणि मग बाकीचं. आज फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून ब्रीफिंगला बसते तेव्हा माझं बोट त्याच क्रमाने फिरतं.

आता सगळं आयपॅडवर आहे. चार्टवर आपलं विमान स्वतःच सरकताना दिसतं आणि ही सोय मला मोलाची वाटते. पण चार्टवर वर्तुळात लिहिलेली सेक्टरची किमान सुरक्षित उंची कुठल्या बिंदूभोवतीच्या 25 नॉटिकल मैलांसाठी आहे, हे स्क्रीन आपणहून समजावत नाही. ते माणसालाच बघावं लागतं. आणि चार्ट चालू आवृत्तीचा आहे ना, हेही. दर 28 दिवसांनी बदल लागू होतात. दर वेळी आयपॅड अपडेट झाला की मी तारीख डोळ्यांनी वाचते. ही सवय तुमचीच.

तुम्ही हे सगळं मराठीतून समजावलंत, कठीण भागात तर आवर्जून. बीड, धाराशिव, चंद्रपूरहून आलेली मुलं त्या बाकांवर अवघडून न बसता शंका विचारायची. फी भरायला उशीर झाला म्हणून तुम्ही कुणाला दाराबाहेर ठेवल्याचं मी पाहिलं नाही. याबद्दल तुमच्यासमोर बोलले असते तर तुम्ही विषय बदलला असतात, म्हणून इथे लिहून टाकते.

क्लास आता थांबवणार असं कळलं. आम्ही काही जणांनी मिळून एक ठरवलंय. तुमच्या हाताने लिहिलेल्या गणितांच्या वह्या आम्हाला द्या. आकडे आजच्या एआयपीशी (विमानतळांच्या आणि हवाई मार्गांच्या अधिकृत माहितीपुस्तकाशी) ताडून, जुने झालेले बदलून आम्ही त्या नीट टाइप करू आणि ज्या मुलांना हव्यात त्यांना फुकट देऊ. एअरपोर्ट्स अथॉरिटीची एआयपी इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहेच, पण ती वाचायची कशी हे त्या वह्यांत आहे. पुढच्या रविवारी मला सुट्टी आहे. सकाळी दहाला येते. दहा म्हणजे आपल्या घड्याळाचे.

तुमची विद्यार्थिनी