विम्याच्या अटी आधी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला कॅनडाच्या सुपर व्हिसावरचा, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या लेकरांकडे लांबच्या मुक्कामाला जाणाऱ्या आईवडिलांसाठीच्या व्हिसावरचा, लेख वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आईवडिलांनी आता पाच पाच वर्षे लेकरांकडे निवांत राहावे, एक लाख डॉलरचा विमा काढला की आजारपणाची चिंता मिटली, असा त्याचा एकूण सूर आहे. ज्यांनी हे लिहिले त्यांच्या घरातल्या कुणावर तिथल्या इस्पितळात जाण्याची वेळ आली नसावी. आमच्यावर आली, म्हणून हे पत्र.

व्हिसाच्या नियमांबद्दल लेखात जे लिहिले आहे ते बहुतेक बरोबर आहे, त्याबद्दल लेखकाचे आभार. दहा वर्षांपर्यंतचा व्हिसा, जुलै २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत मुक्काम, मुलाच्या किंवा मुलीच्या उत्पन्नाची अट, निमंत्रणपत्र, नेमून दिलेल्या डॉक्टरकडे तपासणी, सगळे खरे. पण विम्याच्या बाबतीत कॅनडा सरकार नेमके काय बघते? रक्कम किमान एक लाख डॉलर आहे ना, मुदत किमान एक वर्षाची आहे ना, उपचार, इस्पितळ आणि मायदेशी परत पाठवण्याचा खर्च त्यात धरला आहे ना, आणि पैसे भरले आहेत ना. तुम्हाला आधीपासून असलेले बीपी, शुगर, थायरॉईड त्या पॉलिसीत धरले आहे की वगळले आहे, ही व्हिसाची अटच नाही. त्यामुळे व्हिसाला चाललेली पॉलिसी इस्पितळात चालेल याची काही खात्री नसते. सत्तरीतल्या माणसाला बीपी-शुगर नाही तर दुसरे काय असते? ज्या दुखण्याची धास्ती, नेमके तेच बाहेर, आणि वर हप्ता आम्हा दोघांचा मिळून दोन लाख रुपयांच्या पुढे.

आमच्या बाबतीत घडले ते सांगतो. सौ.ला बरीच वर्षे बीपी आहे. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही मुलीकडे टोरांटोजवळच्या मिसिसागाला निघालो. त्याआधी जुलैत इथल्या आमच्या डॉक्टरांनी तिची गोळी ऐंशीची चाळीस केली, कारण बीपी खाली येत होते आणि उठताना तिला गरगरायचे. तब्येत सुधारली म्हणून डोस कमी केला, आम्हाला आनंदच झाला. पुण्याला व्हिसाची तपासणी झाली, तीतही काही निघाले नाही. पॉलिसी मुलीने तिकडच्या एजंटाकडून काढली. त्याने फोनवर विचारले, ‘काकूंचं बीपी कंट्रोलमध्ये आहे ना?’ आहे म्हटले. ‘मग काही काळजी नाही काका, बीपी सगळ्यांनाच असतं.’ एवढ्यावर त्याचे विचारणे संपले.

ऑक्टोबरच्या शेवटी एका रात्री तिच्या छातीत दाटून आले, घाम फुटला. इमर्जन्सीच्या खिडकीवर पहिल्यांदा सरकारी आरोग्य कार्ड मागतात. ते आम्हा पाहुण्यांकडे कुठून असणार? मग खर्चाची हमी देणाऱ्या कागदावर मुलीची सही घेतली. आईला आत नेले आणि मुलगी भिंतीला टेकून विमा कंपनीच्या नंबरवर फोन लावत उभी. पलीकडून तीच ती धून, मध्येच एक बाई येऊन पॉलिसी नंबर विचारायची, पुन्हा धून. त्या रात्रीबद्दल इस्पितळाला मी दोष देणार नाही. डॉक्टर, नर्स सगळ्यांनी मनापासून केले. अँजिओग्राफी झाली, सौ. वाचली, आज ती इथे घरात हिंडते-फिरते आहे.

खरा त्रास पुढे सुरू झाला. कंपनीने भारतातल्या उपचारांचे कागद मागितले. आपल्याकडे फॅमिली डॉक्टरकडे फाइल नसते, केस पेपर असतो, तोही आपणच प्लॅस्टिकच्या पिशवीत जपायचा. मुलीने तो अर्ध्या पानाचा केस पेपर स्कॅन करून पाठवला. त्यावर डॉक्टरांनी ८० वर काट मारून शेजारी ४० लिहिले होते, खाली तारीख आणि सही. त्या एका काटीवर क्लेम फेटाळला गेला. पॉलिसीच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरात अट होती: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या १८० दिवसांत आजार ‘स्टेबल’ हवा, आणि त्या काळात गोळी बदलली, डोस वाढवला किंवा कमी केला, तरी तो स्टेबल धरला जाणार नाही. कमी केला तरी! माणूस बरा होत चालला म्हणून डोस कमी झाला, आणि त्याच कारणासाठी पैसे नाकारले. मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवले, हा हिशेब मला कुणी समजावून द्यावा.

बिलाचा आकडा डॉलरमध्ये पाच अंकी आहे. जावई ते महिन्याच्या हप्त्याने फेडत आहेत, घराच्या कर्जाचा हप्ता वेगळा. आमच्यासमोर ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पण माणूस रात्री उशिरापर्यंत कागद पुढ्यात घेऊन बसलेला आपल्याला दिसतोच. पाहुणचाराला गेलेल्या सासू-सासऱ्यांनी जावयाच्या डोक्यावर कर्ज ठेवून परतायचे, हे आमच्या जिवाला किती लागले असेल ते सांगता येणार नाही. कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज केला, तोही फेटाळला. तक्रार निवारण यंत्रणेकडे तक्रार गेली आहे, निर्णय यायचा आहे.

हे सगळ्याच कंपन्यांचे असते असे मी म्हणत नाही. काहींची मुदत ९० दिवसांची असते, काही जास्त पैसे घेऊन जुना आजारही धरतात. पण हे विचारायचे असते हेच जर माणसाला ठाऊक नसेल तर तो विचारणार कसा? ते सांगणे तुमच्या लेखाचे काम होते. त्याऐवजी नायगाऱ्यापुढे हसणाऱ्या आजी-आजोबांचा पाव पानाचा फोटो आहे.

लेखकाने सुपर व्हिसाला ज्येष्ठांना मिळालेली भेट म्हटले आहे, त्यावरही थोडे बोलायला हवे. हा व्हिसा डिसेंबर २०११ मध्ये आला, आणि तो आला त्याच्या जेमतेम महिनाभर आधी आईवडिलांना कायमचे बोलावून घेण्याचे नवे अर्ज तिथल्या सरकारने बंद केले होते. पुढे ते सुरू झाले तेव्हा कधी सोडत, कधी जो आधी येईल त्याचा अर्ज. जानेवारी २०१९ मध्ये ऑनलाइन फॉर्म उघडला तो काही मिनिटांत भरून बंद झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२० मध्ये नावे नोंदवून घेतली आणि नंतरची वर्षानुवर्षे त्याच यादीतून बोलावणी निघत राहिली. आमच्या मुलीने तेव्हा नाव नोंदवले होते, बोलावणे आले नाही. कायमचे रहिवासी झालो असतो तर सरकारी आरोग्य कार्ड मिळाले असते. मग त्या केस पेपरवरची काट कुणी उकरली नसती. पाच वर्षे राहू देणार, नातवंडांना सांभाळू देणार, पण आजारी पडलात तर तुमचे तुम्ही बघा. त्या देशाची जागा आहे, नियम त्यांनी करावेत, माझी त्याला हरकत नाही. आपल्या वर्तमानपत्राने तरी त्याला भेट म्हणू नये.

जाता जाता आणखी एक, ते मात्र आपल्या इथले आहे. सौ. इस्पितळातून घरी आली आणि नोव्हेंबर उजाडला. पेन्शन चालू राहावी म्हणून नोव्हेंबरात द्याव्या लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी भारतीय वाणिज्य दूतावास दरवर्षी टोरांटोच्या आसपास शिबिरे घेतो. त्या वर्षी ब्रॅम्प्टनच्या मंदिराबाहेर गडबड झाली आणि सुरक्षेच्या कारणावरून काही शिबिरे रद्द झाली. आजारी बायकोला टाकून टोरांटो शहरात दाखल्यासाठी जाणे मला शक्य नव्हते. इथल्या बँकेला मेल केला, इस्पितळाचे कागद जोडले, व्हिडिओ कॉलवर चेहरा बघा म्हणालो. उत्तर नाही. पेन्शन मात्र वेळेवर थांबवली. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणली, तरी आमच्या शाखेत अजून ‘स्वतः या आणि यादीवर सही करा’ हेच सांगतात. ज्यांच्या लेकी-मुले परदेशी आहेत अशी कितीतरी पेन्शनर मंडळी आमच्याच वॉर्डात आहेत. तुमच्या वार्ताहराने नोव्हेंबरात एकदा कुठल्याही बँकेच्या रांगेत उभे राहावे.

आता लेखातली एक उघड चूक. भारतीय कंपनीचा विमाही आता चालतो, असे त्यात सरसकट लिहिले आहे. जानेवारी २०२५ पासून कॅनडाबाहेरच्या कंपन्यांना वाट मोकळी झाली हे खरे, पण ती कंपनी कॅनडाच्या वित्तीय नियामकाच्या यादीत असावी लागते आणि पॉलिसीही तिथल्या व्यवसायाचा भाग म्हणून दिलेली असावी लागते. इथल्या कोपऱ्यावरच्या एजंटाकडून कुठलीही प्रवासी पॉलिसी घेऊन अर्ज केला तर पैसे आणि अर्ज दोन्ही वाया जातील. मार्च-एप्रिलात तिकडची थंडी ओसरते तशी आपली माणसे निघतात आणि त्यांचे विमे या दिवसांतच काढले जातात. म्हणून ही दुरुस्ती याच आठवड्यात, पुरवणीत नव्हे तर मुख्य अंकात, आणि आधीच्या आजारांच्या अटीसह छापावी ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सांगली