तीन बोटं

शहापूर, बेळगाव
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

फोनवर तुझ्या सुपारीचा विषय काढला की तू क्रिकेटवर उडी मारतोस, म्हणून कागदावर लिहितोय. कागदाशी भांडता येत नाही.

दिवाळीत तू आलास तेव्हा आईनं मांडा वाढला. पोरं घडीच्या घडी तोंडात कोंबत होती आणि तू नखाएवढे तुकडे करत बसलास. ठेचा ताटाच्या कडेला तसाच. कॉलेजात पैजेवर सात मिरच्या खाल्लेला तू! आई म्हणाली, "वय झालं की लेकाचं." मीही हसलो. पण गेल्या महिन्यात लॅबमध्ये एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून तो मांडा काही डोक्यातून जात नाही.

तुला माझं काम म्हणजे 'मांसाचे पापड लाटणं' वाटतं. तसं ते फार लांबचं नाही बघ. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मेलिन या टिकवणाऱ्या द्रवात मुरवायचा, मेणात बसवायचा, ब्लॉक बर्फावर गार करायचा आणि मायक्रोटोम या कापायच्या यंत्रावर चार मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) काप काढायचे. पातं नवं आणि हात शांत असला की कापाला काप जोडून रिबन येते. ती कुंच्यानं उचलून कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपसूक निघतात. इतकी वर्षं झाली, तेवढं बघायला मला अजून आवडतं. (मध्यंतरी एका दवाखान्यानं तुकडा नुसत्या सलाईनमध्ये पाठवला, तोही दोन दिवसांनी. पेशी स्वतःलाच पचवून बसलेल्या. रिपोर्ट काय डोंबल देणार? त्या बिचाऱ्याचा परत तुकडा काढला.)

तर आमच्या मॅडमचा अभ्यास चाललाय : म्हातारपणानं टिश्यू, म्हणजे शरीरातली पेशींची वीण, कशी बदलते आणि आजारानं कशी. स्लाइडवर नाव नाही, वय नाही, फक्त नंबर. चहाच्या वेळी आम्ही वय ओळखायचा खेळ खेळतो. त्या दिवशी गालाच्या आतल्या बाजूची एक स्लाइड लावली. मॅसन ट्रायक्रोम हा रंग दिला की कोलॅजन (पेशींना बांधून ठेवणारे चिवट धागे) निळं दिसतं आणि स्नायू तांबडे. इथं सगळा निळा चिखल, त्यात तांबडे दोन-चार धागे अडकलेले. रक्तवाहिन्या चेपलेल्या. वरचं अस्तर झिजून पातळ, आणि ते खाली जी दातेरी मुळं सोडतं ती पार सपाट. मी छातीठोक सांगितलं, सत्तरीचे आजोबा. मॅडमनी वही उघडली : पुरुष, वय २६, सुपारी नऊ वर्षं.

खरं म्हातारपण इतकं उग्र नसतं रे. म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाचा काप बघितला तर पेशीच्या केंद्रकाशेजारी पिवळट-तपकिरी कण साचलेले दिसतात, चुलीवरच्या आढ्याला काजळी धरावी तसे. त्याला लायपोफ्युसिन म्हणतात. हळूहळू साठतं, फारसं कुणाच्या वाटेला जात नाही. १९६१ साली हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की माणसाच्या पेशी काचेच्या भांड्यात पन्नासेक वेळा विभागतात आणि मग थांबतात. थांबलेली पेशी मरतेच असं नाही. ती नुसती बसून राहते आणि आजूबाजूला सूज आणणारी द्रव्यं सोडते. गंमत अशी की सुपारीनं आखडलेल्या गालातही अशा थकलेल्या पेशी जास्त सापडल्यात. वय सव्वीस, पण गालातल्या पेशी निवृत्त!

१९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशींनी गाल आखडवणाऱ्या या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस (तोंडाच्या अस्तराखालचा भाग कडक होणं) असं नाव दिलं. १९६६ साली डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि आपल्या मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी त्याचं वर्णन पक्कं केलं. सुपारीतलं अरेकोलिन नावाचं द्रव्य कोलॅजन बनवणाऱ्या पेशींना चेव आणतं, आणि तिच्यातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, ते कोलॅजन असं घट्ट बांधतात की शरीराला ते मोडता येत नाही. म्हणजे विणकाम चालूच, उसवणं बंद. आधी तिखट झोंबतं, मग तोंड उघडणं कमी होत जातं.

तू म्हणशील, तंबाखूच्या गावात जन्म काढला पण तंबाखूला हात लावला नाही, मी नुसती सुपारी खातो. निपाणीत राहून ते सोपं नाही, मान्य. पण या आजाराला तंबाखू लागतच नाही, नुसती सुपारी पुरते. केरळात ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणजे ६१ जणांना झाला नाही, हेही खरं. तुला घाबरवायचं असतं तर पाचच सांगितले असते.

झालेलं आखडणं पुरतं सुटत नाही. इंजेक्शनं आहेत, तोंडाचे व्यायाम आहेत, फार झालं तर ऑपरेशन. पण पुडी थांबवली नाही तर त्यातल्या कशाचाच उपयोग नाही. लवकर दाखवलं तर बरंच हातात राहतं.

आता एवढं कर. आरशासमोर उभा राहा, आपलीच तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घाल. गेली तर मला शिव्या देणारं पत्र लिही, मी फ्रेम करून लावतो. नाही गेली तर शनिवारच्या सकाळच्या गाडीनं ये. स्टँडवर स्कूटर घेऊन थांबतो, तिथून थेट तोंडाच्या डॉक्टरांकडे. वहिनींना आत्ताच काही सांगू नकोस, सांगायचं ते आपण दोघं मिळून सांगू.

आणि तुकडा काढायची वेळ आली तर तो ब्लॉक मी कापणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी देईन. तुझ्या तुकड्यावर माझा हात शांत राहायचा नाही.

आई कुंदा करून ठेवते म्हणतेय. किती बोटं गेली ते कळव.

तुझाच,
दिप्या