आई-बाबांस, माझ्या संशोधनाविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आई, प्राणी नाहीत, प्रयोगशाळा नाही, नुसता संगणक. मग याला जीवशास्त्र का म्हणायचे, असे तू विचारलेस. फोनवर दिलेले उत्तर त्रोटक होते, म्हणून सविस्तर लिहिते.

माणसाच्या जनुकसंचात, म्हणजे पेशीतल्या सगळ्या आनुवंशिक माहितीत, सुमारे 3 अब्ज अक्षरे (डीएनएचे रासायनिक घटक) असतात. निरनिराळ्या प्रजातींचे असे संच शेजारी मांडून, कुठे कोणते अक्षर बदलले यावरून त्यांची वंशावळ शोधणे हे आमचे काम. ते अवघड जाते, कारण एकाच जीवातली वेगवेगळी जनुके वेगवेगळी वंशावळ सांगतात. चिंपांझी हा आपला सर्वांत जवळचा नातलग, याबद्दल आता शंका नाही. तरीही 2012 साली गोरिलाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा दिसले, की त्याच्या सुमारे 30 टक्के भागात माणूस आणि चिंपांझी यांच्यातील जवळिकीपेक्षा गोरिलाची त्यांपैकी एकाशी असलेली जवळीक अधिक आहे. याचे कारण असे, की पूर्वजांच्या समूहातच एकेका जनुकाची अनेक रूपे नांदत होती. समूह दुभंगल्यावरही ती दोन्ही शाखांत काही काळ राहतात, आणि कोणते रूप कुठे टिकणार हे बरेचसे योगायोगावर ठरते. पूर्वजांचा समूह जितका मोठा आणि दोन फाटाफुटींमधला काळ जितका थोडा, तितकी ही विसंगती जास्त. म्हणून तिच्यावरून लाखो वर्षांपूर्वीच्या त्या समूहाच्या आकाराचाही अंदाज बांधता येतो. मला या विषयाची ओढ लागली ती यामुळेच.

आता आपल्याच घराचे पाहा. बाबा, तुमचा रक्तगट ए, आईचा बी, आणि माझा एबी. 2012 मधल्याच एका अभ्यासाने दाखवले, की रक्तगट ठरवणाऱ्या जनुकाची ए आणि बी ही दोन रूपे माणसाला आणि गिबन या छोट्या वानराला समान पूर्वजाकडून मिळाली असून किमान 2 कोटी वर्षे टिकून आहेत. म्हणजे त्या जनुकाच्या एका छोट्या भागापुरता, बाबांचा ए हा आईच्या बीपेक्षा गिबनच्या एला अधिक जवळचा आहे! इतका दीर्घ काळ दोन्ही रूपे केवळ योगायोगाने टिकत नाहीत; नैसर्गिक निवडीने ती राखली आहेत. रोगजंतूंशी त्याचा संबंध असावा असे मानले जाते, पण नेमके कारण अजून सिद्ध झालेले नाही.

बाबा, वेळ का लागतो तेही सांगते. अवघ्या 10 प्रजाती घेतल्या तरी त्यांचे 3 कोटी 44 लाखांहून अधिक वंशवृक्ष संभवतात. शिवाय जनुकांमधली विसंगती खरी आहे की आमच्या गणनपद्धतीतून उपजली आहे, हे ओळखणे हाच माझ्या प्रबंधाचा गाभा आहे. त्यासाठी मी आधी उत्तर ठाऊक असलेले कृत्रिम इतिहास संगणकावर घडवते, आणि पद्धत ते उत्तर परत शोधून काढते का, हे तपासते. ही पारख झाल्याशिवाय खऱ्या प्रजातींविषयी काही लिहिणे मला योग्य वाटत नाही.

आई, आजी-आजोबांपैकी बी रक्तगट कोणाचा होता, ते जुन्या कागदपत्रांत सापडल्यास जरूर कळव.

तुमची,
लेक