पांझराकाठच्या पाटकरी आप्पांना जाहीर आभारपत्र

तीर्थस्वरूप आप्पा,
सादर नमस्कार.

पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर न पाठवता असं चारचौघांत लिहितोय. धुळ्या-जळगावात फ्लाय फिशिंगचं, म्हणजे पिसांची नकली माशी टाकून मासे धरण्याचं, वेड लागलेली थोडीफार पोरं आता आहेत आणि ती मला सारखं विचारतात, "जवळपास कुठे जमतं?" मी त्यांना जे सांगतो ते सगळं तुमच्याकडून आलेलं. ते माझ्या नावावर खपू नये म्हणून हा खटाटोप. तुमचं नाव-गाव लिहीत नाही. "जागा सांग, गाव सांगू नको, नाहीतर रविवारी बाटल्या घेऊन गाड्या येतील," ही तुमची अट मला मनापासून पटली आहे. वाचणाऱ्यांनी एवढं समजून घ्यावं की गाव साक्री तालुक्यातलं, पांझरा नदीकाठचं, आणि आप्पा म्हणजे शेतांना पाटाचं पाणी वाटून देणारे जुने पाटकरी.

खान्देशात मासेमारीची जागा विचारली की लोक धरणाचं नाव घेतात. हतनूर, गिरणा, वाघूर, अक्कलपाडा. त्यांचंही चूक नाही, मासा तिथेच जास्त. पण माझ्या प्रकाराला ते पाणी सोसत नाही. साध्या गळाला शिशाचं किंवा आमिषाचं वजन असतं, ते दोरीला ओढून नेतं. फ्लायमध्ये उलटं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या माशीला वजनच नसतं, म्हणून दोरीच जड असते आणि ती मागे-पुढे झुलवून फेकायची. धरणाच्या भिंतीवरून वारा सुटला की माशी पाण्याऐवजी आपल्याच टोपीत. त्यात धरणात सोडलेला मासा बहुतेक कटला, रोहू, मृगळ. कटला पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, रोहूची भूक शेवाळ-पाल्यावर, मृगळ तळ उकरतो. पिसांच्या माशीकडे यातलं कोण ढुंकून बघणार? शिवाय बहुतेक जलाशयांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, म्हणजे विचारल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली कणसं मोडणं.

मग उरतं काय? व्हिडिओ बघून वाटायचं की हा खेळ हिमाचलातल्या तीर्थनकाठी नाहीतर काश्मिरात. तिथल्या ट्राउटला थंडगार पाणी लागतं, आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीसुद्धा चटका देतं. हौस असेल तर वर्षातून एकदा रजा काढून जा, असाच सल्ला सगळ्यांनी दिला होता.

तुम्ही पहिल्यांदा मला बघितलं तेव्हा मी बंधाऱ्याखाली उभा राहून दोरी मागे झुलवत होतो. "काय करी ऱ्हायना रे भो? मासा मांगे शे का?" तुमचा हा प्रश्न मी आजही मित्रांना सांगतो. मागे मासा नव्हता, वेडी बाभूळ होती आणि तिने माझ्या बऱ्याच माश्या गिळल्या होत्या. त्यावर तुम्ही हसला नाहीत. शांतपणे पलीकडचा काठ दाखवलात, जिथे मागे मोकळी वाळू होती आणि सकाळचं ऊन तोंडावर येत असल्यामुळे माझी सावली पाण्यावर पडत नव्हती. फेकायला मागे जागा आणि सावली पाण्याबाहेर. जागा निवडताना मी अजूनही आधी हेच बघतो, पाणी नंतर.

पाणी तुम्ही ज्या नजरेने बघता ती नजर मासेमाराची नाही, पाटकऱ्याची आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळं गुपित तिथेच आहे. तीन-चारशे वर्षं चालत आलेली फडपद्धत पांझराकाठी वाढली. नदीवर एकामागून एक दगडी बंधारे, प्रत्येकाचा पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात एकच पीक, आणि कुणाला कधी किती पाणी हे पाटकऱ्याच्या हातात. तरुण विश्वेश्वरय्यांनी इंजिनिअरच्या नोकरीच्या सुरुवातीला खान्देशात काम केलं होतं आणि पांझरेच्या पाण्यावरच त्यांना पाइपचा सायफन बांधायचं काम मिळालं, १८८४ च्या सुमाराला. धुळ्यात हे अभिमानाने सांगितलं जातं. त्यांच्याही आधी पिढ्यान्‌पिढ्या हे पाणी वळवणाऱ्या पाटकऱ्यांची नावं कुणाला माहीत नसतात, हा आपला जुना हिशोब.

तर, बंधारा. माथ्यावरून पाणी खाली पडतं तिथे डोह पडतो आणि पाण्यात हवा मिसळते. तुम्ही काठीने दाखवलंत: फेसाच्या मधोमध मासा नसतो, तिथे त्याला टिकायलाच दमछाक. तो असतो सांध्यावर, पळतं पाणी आणि थांबलेलं पाणी एकमेकांना घासतात त्या रेघेवर. तोंड धारेकडे करून, वरून काय वाहत येतं याची वाट बघत. म्हणजे आपण खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचं. लहान खवल्या माशांचे थवे तिथे इतके असतात की हलका रॉड असला तर सकाळभर हात रिकामा राहत नाही. मासा वीतभरच, पण धारेत असा ओढतो की रॉड वाकतो. फोटोत दाखवायला मोठा मासा हवा असणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

कोल्हापुरी बंधाऱ्यांचंही तुमच्याकडूनच कळलं. पावसाळा सरला की बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकतात, वर पाणी तुंबतं आणि फटींतून गळणाऱ्या धारांखाली मासा गोळा होतो. पाटाचं जादा पाणी सांडव्यातून नदीला परत मिळतं ती जागाही तशीच. आणि सगळ्यात मोलाची माहिती आवर्तनाची, म्हणजे धरणातून पाळीने सुटणाऱ्या पाण्याची. वरून पाणी सुटलं की नदी गढूळ होते आणि माशी दिसतच नाही. आवर्तन संपल्यावर पाणी उतरून निवळू लागतं तेव्हाच जायचं. हे कुठल्या नकाशावर सापडणार? तुमच्या एका फोनवर सापडतं. दसऱ्यापासून होळीपर्यंतचा माझा प्रत्येक रविवार तुमच्या "आज येऊ नको" किंवा "ये" वर ठरतो.

मरळीचा धडा वेगळा. दुष्काळी कामांत खोदलेल्या त्या पाझर तलावावर तुम्ही घेऊन गेलात. कडेच्या बेशरमाच्या झुडपांजवळ मरळ हवा घ्यायला वर येते, बेडकासारखी तरंगती फ्लाय टाकली की पाणी फोडून उसळते. पण पावसाळ्यात लालसर पिलांचा गोळा पृष्ठभागावर फिरताना दिसला, की खाली आईबाप राखण करत असतात. तिथे गळ टाकायचा नाही. आईबाप उचलले की बाकीचे मासे पिलं फस्त करतात, हे तुम्ही सांगितलंत आणि माझा रॉड माझ्याच हाताने गुंडाळायला लावलात. चिलापीच्या बाबतीत मात्र तुम्हाला दयामाया नाही. १९५२ मध्ये देशात आणलेला हा मासा तुमच्या मते पाहुणा म्हणून आला आणि घर बळकावून बसला. ती सोडायची नाही, घरी न्यायची. मीही आता तसंच करतो, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर तिचं कालवण वाईट लागत नाही.

जिथे जायचं नाही तेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. अनेर धरण अभयारण्यात नाही, यावलच्या जंगलातल्या ओढ्यांवर नाही. जिथे बाया धुणं धुतात त्या घाटावर तर अजिबात नाही. एप्रिल-मेमध्ये डोह आटून पाणी तापलं की पकडून सोडलेला मासाही जगत नाही, म्हणून तेव्हा रॉड माळ्यावर. ठेका असलेल्या तलावावर मला आत सोडण्याआधी तुम्ही स्वतः संस्थेच्या चेअरमनकडे नेऊन बसवलंत, चहा पाजलात आणि "पोरगा मासा सोडी देस" असं सांगून हशा पिकवलात. "सोडायचाच तर धरतो कशाला?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे अजून त्याला चांगलं उत्तर नाही. परवानगी मात्र मिळाली.

तुमच्या नातवासाठी एक हलका रॉड बाजूला काढून ठेवलाय, नऊ फुटी, चार नंबरच्या दोरीचा. कोंबड्याच्या मानेची पिसं त्याने जमवून ठेवावीत, माश्या बांधायला मी शिकवतो. चालू आवर्तन कधी बंद होणार ते कळलं की फोन करा.

तुमचा,
धुळ्याचा माशीवाला