बाबांना वाटलं आपलेच डोळे गेले

नमस्कार संपादक,

तुमच्या पुरवणीतलं फिरण्याचं पान आमच्या घरी सगळ्यात आधी वाचलं जातं, त्यावरून भांडणंही होतात, आणि त्या पानावर जवळपास दर वेळी एक वाक्य असतंच, "आयुष्यात एकदा तरी अनुभवायलाच हवं". आज त्या वाक्याबद्दलच लिहायचंय. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते पण बाबांचा विषय आहे म्हणून थांबले होते, आता त्यांनीच सांगितलं लिही म्हणून, तेव्हा लिहिते.

बाबांना खूप वर्षांपासून नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या देशांत रात्री आकाशात दिसणारा तो रंगीत उजेड, बघायचे होते. आकाशात हिरवे जांभळे पडदे हलतायत असा एक फोटो त्यांच्या टेबलाच्या काचेखाली कायम असायचा. रिटायर झाले, मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळे स्वच्छ झाले, तेव्हा मी आणि ताईने ठरवलं की आता यांना घेऊन जायचंच. एका टूर कंपनीचं पॅकेज घेतलं. चार रात्री होत्या. पहिल्या तीन रात्री ढगच होते, रोज रात्री बसने कुठेतरी लांब न्यायचे, दोन तीन तास थंडीत उभं करायचे आणि परत आणायचे. चौथ्या रात्री गाइड एकदम ओरडला, आले आले म्हणून, सगळे ट्रायपॉड घेऊन धावले, आणि आम्ही तिघं वर बघत उभे राहिलो.

मला जे दिसलं ते सांगते. पांढुरका, राखाडी असा एक पट्टा, विरळ ढगासारखा, हळूहळू जागा बदलत होता. कोणी सांगितलं नसतं तर मी ढगच समजले असते. मोबाइल वर धरला तर स्क्रीनवर मात्र हिरवंगार. मी बाबांकडे बघितलं, ते वर बघत होते, "छान आहे" म्हणाले. मी पण छान आहे म्हटलं, ताई पण म्हणाली. हॉटेलवर आल्यावर तो हिरवा फोटो आम्ही सगळ्यांना पाठवला.

सहा सात महिन्यांनी डोळ्यांच्या चेकअपला बाबांना मीच घेऊन गेले होते. डॉक्टरांनी काही त्रास आहे का विचारलं तर बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "ऑपरेशन बहुतेक नीट झालेलं नाही, मला रात्रीचा हिरवा रंग दिसत नाही." मला काही कळेचना. डॉक्टरांनी सगळं तपासलं, डोळे उत्तम होते, मग त्यांनी विचारलं की असं कधी वाटलं तुम्हाला, तेव्हा बाबांनी त्या रात्रीचं सांगितलं. सगळ्यांना हिरवं दिसत होतं, मला एकट्यालाच राखाडी दिसत होतं, आणि मुलींनी एवढं केलंय तर त्यांना कशाला सांगायचं म्हणून गप्प बसलो. इतके महिने त्यांनी हे मनात ठेवलं होतं. आणि मी त्यांच्या शेजारीच उभी होते, मलाही राखाडीच दिसत होतं आणि मीही त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प होते. ताईचंही तेच. आम्ही तिघं एकमेकांना चिकटून उभे होतो आणि तिघांनीही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली.

त्यानंतर मी या विषयाचं जमेल तेवढं वाचलं. आपल्या डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात, शंकूसारख्या पेशी रंग ओळखतात पण त्यांना भरपूर उजेड लागतो, आणि दुसऱ्या दंडासारख्या पेशी अंधारात काम करतात पण त्यांना रंग कळत नाही. ऑरोरा, म्हणजे हेच नॉर्दर्न लाइट्स, मंद असेल तर आपण तो या दुसऱ्या पेशींनीच बघतो म्हणून तो राखाडी दिसतो, सगळ्यांनाच. कॅमेऱ्याचं तसं नाही, तो कित्येक सेकंद उघडा राहून उजेड साठवत राहतो, त्यामुळे त्याला रंग मिळतो. रंग खोटा नाही हं, साधारण 100 किलोमीटर आणि त्याच्याही वरचा ऑक्सिजन खरंच हिरवा प्रकाश देत असतो, आपल्या डोळ्यांना तो पुरेसा पोहोचत नाही इतकंच. वय वाढलं की अंधारात डोळ्याची बाहुली आधीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना अजून कमी उजेड मिळतो. आणि डोळे अंधाराला नीट सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, पण आमच्या आजूबाजूला चाळीसेक मोबाइल सतत पेटलेले होते, डोळे सरावणार कधी?

सूर्यावरून येणाऱ्या कणांचं वादळ जोराचं असेल तर साध्या डोळ्यांनाही हिरवा, कधी लालसर रंग दिसतो हे मला मान्य आहे. मे 2024 मध्ये 2003 नंतरचं सगळ्यात मोठं सौर वादळ आलं तेव्हा एरवी कधीच दिसत नाही अशा देशांतूनही लोकांनी रंग पाहिले. पण अशी रात्र क्वचित असते, आणि पॅकेजच्या जाहिरातीत फोटो असतो तो नेमका तसल्याच रात्रीचा, तोही लाँग एक्स्पोजरचा, म्हणजे कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून काढलेला. आमच्या टूरवाल्यांच्या माहितीपत्रकात थर्मल कपड्यांची यादी दोन पानं होती, आणि डोळ्यांना काय दिसू शकतं यावर एक ओळ नव्हती. एका ओळीने माझ्या बाबांचे ते सहा महिने वाचले असते.

आता कोणी म्हणेल की टूरवाले धंदाच करणार, पण मला जास्त टोचतं ते आम्ही स्वतः जे केलं त्याचं. परत आल्यावर ज्याने ज्याने विचारलं त्याला मी "अप्रतिम" सांगत होते. आणि मुद्दाम खोटं बोलत होते असंही नाही, दोन तीन महिन्यांनी मला खरंच ते अप्रतिम वाटायला लागलं होतं! ताईला रोज रात्री झोपायच्या आधी चार ओळी लिहायची सवय आहे, तिची वही नंतर आम्ही काढून वाचली. त्यात लिहिलेलं होतं, पाय बधिर, बाबा दोनदा घसरले, तीन तास उभं राहून ढगच, आज काहीतरी पांढरं दिसलं, गाइड म्हणतो हेच ते. हे सगळं मी साफ विसरले होते. 1997 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हीच गोष्ट तपासली होती, सुट्टीच्या आधी, सुट्टी चालू असताना आणि संपल्यावर लोकांना काय वाटतं ते विचारलं, त्यात कॅलिफोर्नियातली तीन आठवड्यांची एक सायकल ट्रिपसुद्धा होती. आधी लोक खूप आशेने बघत होते, चालू असताना मन खट्टू होत होतं, आणि घरी येऊन थोडे दिवस गेले की परत सगळं छान वाटत होतं. म्हणजे पाऊस, दमणूक, कंटाळा हे सगळं मन आपलं आपण धुऊन टाकतं. मग परत आलेला माणूस पुढच्याला सांगतो जाच म्हणून, पुढचा जातो, तोही तेच करतो, आणि हे असंच चालू राहतं.

आणि हे फक्त ऑरोराचं नाही. पॅरिसच्या लूव्र म्युझियममधलं मोनालिसाचं चित्र 77 बाय 53 सेंटिमीटरचं आहे, जाड काचेमागे, 2024 मध्ये त्या म्युझियमला 87 लाख लोक आले आणि त्यातले बहुतेक या चित्रासाठीच त्या खोलीत शिरतात. तिथे उभं राहून चित्र बघायला काही क्षण मिळतात, तेही पुढच्याच्या मोबाइलवरून. इतकं झालं की जानेवारी 2025 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी तिच्यासाठी वेगळी खोली करणार असं जाहीर केलं. समुद्रकिनारी बसून लॅपटॉपवर काम करायचं स्वप्न घ्या, उन्हात स्क्रीन दिसत नाही, वाळू किबोर्डमध्ये जाते. थर्टी फर्स्टच्या रात्रीचं तर संशोधनच झालंय, 1999 ची अखेर, नवीन सहस्रक म्हणून जगभर गाजावाजा होता, तेव्हा लोकांना आधी आणि नंतर विचारलं गेलं, तर ज्यांनी सगळ्यात जास्त मजा येणार असं धरलं होतं आणि त्यासाठी जास्त खटपट केली होती तेच जास्त निराश झाले होते.

माझ्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती चिडली. म्हणाली लोकांच्या उत्साहावर पाणी का ओततेस, वाट बघण्यात जो आनंद असतो तो तरी राहू दे. तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही, कारण वाट बघण्यातच खरा आनंद असतो याला आधार आहे. 2010 मध्ये नेदरलँड्समधल्या 1530 लोकांचा अभ्यास झाला होता, त्यात सुट्टीवर जाणारे लोक जायच्या आधी इतरांपेक्षा जास्त आनंदी होते, आणि परत आल्यावर बहुतेकांच्यात न गेलेल्यांपेक्षा काहीच फरक उरला नव्हता. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती त्यांना तेवढा थोडा फायदा झाला, तोही काही आठवड्यांत ओसरला. बाबांनीसुद्धा तो काचेखालचा फोटो बघून कित्येक वर्षं आनंद घेतलाच की. पण मी तिला एवढंच म्हटलं की राखाडी दिसणार हे आधी माहीत असतं तरी बाबा गेलेच असते, अर्धा तास मोबाइल बंद करून डोळे सरावू दिले असते, आणि जे दिसलं ते त्यांनी आनंदाने बघितलं असतं, कारण सूर्यावरून निघालेले कण इतक्या लांब येऊन आपल्या डोक्यावर उजेड करतायत ही गोष्ट राखाडी असली तरी मोठीच आहे. आम्हाला ती बघताच आली नाही, आम्ही सगळा वेळ फोटोतला हिरवा शोधत होतो.

खरं सांगितल्याने फरक पडतो याचं उदाहरण आहे. मे 2019 मध्ये निर्मल पुरजा या गिर्यारोहकाने एव्हरेस्टच्या शिखराखालच्या रांगेचा फोटो काढला, 8000 मीटरच्या वर माणसं एकामागे एक अडकून उभी. त्याआधी एव्हरेस्ट म्हणजे वर एकटा माणूस आणि झेंडा एवढंच आपण बघत आलो होतो. त्या एका फोटोनंतर सगळं जग त्या गर्दीबद्दल बोलायला लागलं. आणि खरं न सांगण्याने काय होतं तेही बघा, थायलंडमधला माया बे नावाचा छोटासा किनारा, रिकामा आणि स्वच्छ असा फोटोत दिसायचा, तो बघून रोज हजारो लोक बोटीने यायला लागले, शेवटी प्रवाळ इतकं खराब झालं की 2018 मध्ये किनारा बंदच करावा लागला, तो 2022 च्या जानेवारीत उघडला. निराश झालेली माणसं घरी जाऊन तोच रिकामा फोटो दाखवत राहिली असतील तर त्यात त्यांचाही हात आहे, माझाही आहे.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. फिरण्याच्या पानावर लेख छापताना लेखकाला विचारा की तिथे किती वेळ उभं राहावं लागलं, किती माणसं होती, म्हाताऱ्या माणसाला जमेल का, आणि रात्रीच्या आकाशाचा फोटो असेल तर खाली छापा की कॅमेरा किती सेकंद उघडा होता आणि डोळ्यांना काय दिसलं. काचेच्या छताच्या खोलीत झोपण्याबद्दल लिहिणाऱ्यालाही विचारा की झोप लागली का, कारण नवीन जागी पहिल्या रात्री मेंदूची एक बाजू जास्त जागी असते हे 2016 मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलंय, आणि वरून उजेड असेल तर विचारूच नका, आम्ही एक रात्र काढलीय. एखादा कोपरा वाचकांसाठी ठेवा जिथे ते आपली फसलेली ट्रिप, न आवडलेला अनुभव मोकळेपणाने लिहू शकतील, नाव न देता लिहायची मुभा असावी कारण बरोबर आलेल्यांना वाईट वाटेल ही भीती खरी असते.

गेल्या महिन्यात बाबांचे ऑफिसमधले जुने मित्र, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, त्यांनी फोन केला, ते आणि काकू त्याच टूरला जाणार आहेत. बाबा त्यांच्याशी पाऊण तास बोलत होते, मी आतून ऐकत होते. "अरे राखाडी दिसेल, घाबरू नकोस, तुझे डोळे ठीक आहेत. वहिनींनाही तसंच दिसेल, त्यांना आधीच सांगून ठेव. मोबाइल खिशात ठेव." काका जाणार आहेतच, तिकिटं झालीत. बाबांनी त्यांना आपली कानटोपी दिलीय आणि परत आलास की त्याच रात्री मला फोन कर, दोन दिवसांनी नको, असं बजावून सांगितलंय.

आपली,
एक नेहमीची वाचक